वरच्या मावशीची चूल

“वरची मावशी जाणार म्हणे, आणि जाताना…”

एका जंगलात एके दिवशी एवढीच बातमी उठली. पुढचं वाक्य कुणाच्या कानावर आलंच नाही. बोलणारा पुढे निघून गेला आणि ऐकणारा मागे राहिला.

अर्धवट बातमी कानावर पडली की मला जेवण गोड लागत नाही. तुमचंही तसंच असणार, म्हणून तर बसलात ऐकायला. तर नीट मांडी घालून बसा. आधी ही मावशी कोण आणि कुठे राहायची, ते सांगते.

त्या जंगलात एक मुंगसीण होती. जांभळाच्या मुळांखाली तिचं बीळ होतं. तिला दिवस गेले होते. पोटात एक पिल्लू होतं. पिल्लाला इवलंसं डोकं होतं. आणि त्या डोक्यात, हसू नका, एक गाव वसत होतं.

गाव म्हणजे मेंदू. सगळ्यांच्याच डोक्यात आधी असं गाव वसावं लागतं. तुमच्याही वसलं. माझ्याही वसलं, वस्ती जरा कमी.

या गावातली माणसं म्हणजे पेशी. त्या जन्माला येत अगदी तळाशी, तळघरासारख्या एका ओलसर जागेत. राहायला मात्र जायचं वर. मधे जिना नव्हता. लिफ्ट तर नव्हतीच. होते फक्त दोरेकाका.

दोरेकाका हेही पेशीच, पण फार लांबलचक. त्यांचे पाय तळघरात आणि हात पार छपराला टेकलेले. ज्याला वर जायचं तो त्यांच्या अंगाला धरून चढायचा. काकांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. गुदगुल्या होतात, जरा हळू चढा, एवढंच म्हणत.

चढणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात एक शिदोरी असे. तिचं नाव डबलकॉर्टिन. हे एक प्रथिन. प्रथिन म्हटलं की तुम्हाला डाळ आठवेल, पण प्रथिनं काही नुसती वाटीत पडून नसतात. शरीरात त्यांना शंभर उद्योग असतात. ही शिदोरी असली की चढणाऱ्याच्या अंगात ताठपणा यायचा, पुढचं पाऊल पुढे पडायचं. नसली तर बिचारा वाटेतच बसकण मारायचा.

पण चढता आलं म्हणजे उतरायचं कुठे ते कळतं का? नाही कळत. ते कळायचं वरच्या मावशीमुळे.

वरची मावशी गावात अगदी सुरुवातीला आली आणि थेट छपराखाली जाऊन राहिली. तिची एक चूल होती. त्या चुलीवर ती सदानकदा फोडणी द्यायची. फोडणीचा वास आजूबाजूला पसरायचा. डॉक्टर लोक त्या वासाला रीलिन म्हणतात. तेही प्रथिनच. दोरेकाकांना धरून वर येणाऱ्याच्या नाकात तो वास भरला की त्याला समजायचं, आलं आपलं घर. मग दोर सोडायचा आणि टेकायचं.

आता यात एक गंमत होती. आधी आलेला खाली राहायचा. त्याच्या मागून आलेला त्याला ओलांडून वर जायचा. त्याच्याही मागून आलेला त्याच्याही वर. जुनी माणसं खाली, नवी माणसं वर. गाव असंच वसायचं असतं. कोणी ठरवलं मला विचारू नका. मावशीलाही ठाऊक नव्हतं.

इथेच तर सगळं बिनसलं.

गावात बुडखेअण्णा म्हणून एक जुने रहिवासी होते. पहिल्या खेपेतले. त्यांचं म्हणणं असं, की आपण आलो तेव्हा इथे धड भिंतसुद्धा नव्हती. सगळं आपण सोसलं. आणि आता परवा जन्मलेली पोरं आपल्या खांद्यावर पाय देऊन वर जातात. जाताना “काका, जरा सरकता का” असं म्हणतात. आणि आपल्या नशिबी तळमजला.

अण्णांच्या बरोबरीच्या सगळ्यांनाच हे डाचत होतं. पण तक्रार करायला काही निमित्त हवं. ते आणलं आडवाट्यांनी.

आडवाटे दोरानं चढून आलेले नव्हते. ते लांबच्या एका वस्तीतून आडव्या वाटेनं आले होते. अशा माणसाला गावोगावच्या बातम्या ठाऊक असतात. मोठेपणी त्यांचं काम होतं इतरांना गप्प करायचं. मेंदूत अशीही माणसं लागतात. सगळेच एकदम बोलायला लागले तर झटके येतात. पण ते मोठेपणी. तूर्त आडवाट्यांना कुणाला गप्प करायचं नव्हतं, त्यामुळे ते भाषणं करत.

तर छपराजवळून येता येता आडवाट्यांनी कुणाचं तरी बोलणं ऐकलं होतं. वरची मावशी जाणार म्हणे, आणि जाताना. बस, इतकंच.

अण्णांनी विचारलं, जाताना काय?

आडवाटे म्हणाले की पुढचं ऐकू आलं नाही, पण समजायचं ते समजलं. जाताना वरचा मजला घेऊन जाणार, दुसरं काय नेणार? म्हणून तर ती नव्या नव्या पोरांना वर बोलावते. सगळी तिचीच माणसं. एक दिवस मजला उचलायचा आणि चालू पडायचं.

मजला कसा उचलतात, हे कुणी विचारलं नाही. बातमी इतकी छान बसली होती की प्रश्न विचारून ती मोडायचं कुणाच्या जिवावर आलं.

मग सभा भरली. सभेत मजल्याचा विषय उघडपणे काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून वासाचा काढला. एकानं सांगितलं की फोडणीनं डोळे चुरचुरतात. दुसऱ्यानं सांगितलं की वास कपड्यांना लागतो. कपडे कुणाच्याच अंगावर नव्हते, पण मुद्दा सर्वांना पटला. जिथे चार बिऱ्हाडं एकावर एक राहतात, तिथे फोडणीच्या वासाची तक्रार झाली नाही असं मी तरी पाहिलेलं नाही.

आडवाट्यांनी समारोप केला. हा वास आपल्याला थांबवतो, असं ते म्हणाले. थांबणं हे मागासलेपण आहे. ज्यानं त्यानं मनाला येईल तेवढं वर जावं. टाळ्या पडल्या.

ठरलं. चौकशी होईपर्यंत चूल बंद.

अण्णा स्वतः वर निरोप द्यायला गेले नाहीत. दोरेकाकांकडून कळवलं. मावशीनं निरोप ऐकला, “बरं” म्हणाली आणि चुलीवर पाणी ओतलं. तिला वाद घालता येत नसे. तिला फोडणीच काय ती देता येत असे.

पहिल्यांदा फार बरं वाटलं. हवा कशी स्वच्छ झाली. अण्णांनी दोन वेळा लांब श्वास घेऊन दाखवला.

मग खालून शेंडेताई आल्या.

शेंडेताई नव्या खेपेतल्या. शिदोरी बांधून, दोरेकाकांना धरून, मोठ्या उत्साहानं वर येत होत्या. त्यांचं घर अगदी वरच्या अंगाला व्हायचं होतं. तिथे बसून पलीकडच्या वस्तीशी, म्हणजे मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी, बोलत राहायचं, हे त्यांचं काम. शेजारीपाजारी काय चाललंय त्याची खबर ठेवणं हे कामच असतं बरं का, नुसती चौकशी नसते. पण लोकांना पटत नाही.

ताई अण्णांच्या खाली येऊन अडकल्या. नाक वर करून त्यांनी हुंगलं. कसलाच वास येईना.

“अहो, उतरायचं कुठे?” त्यांनी विचारलं.

आडवाटे म्हणाले, “उतरायचंच नाही, ताई. चढत राहा.”

“चढत राहा काय? वर हे अण्णाकाका बसलेत.”

अण्णा म्हणाले की काका बसलेत ते बरोबरच बसलेत.

ताईंना पुढे जाता येईना, दोरही सोडवेना. त्या लोंबकळत राहिल्या. त्यांच्या खाली आणखी एक आला. त्याच्या खाली आणखी एक. खालून येणारे येतच राहिले, कारण तळघरातलं जन्माला येणं काही सभेच्या ठरावानं थांबत नाही. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाला लागलं. दोरेकाकांच्या बगलेत कळा येऊ लागल्या. पण ताणलेलं राहण्याची सवय असलेल्या माणसाचं दुखणं कुणाला दिसत नाही.

आणि अण्णा? खालून जसा रेटा येत गेला, तसे अण्णा आपोआप वर सरकत गेले. बरोबरचे जुने लोकही सरकले. मधे जे थोडे नवे बसले होते ते बाजूला पडले. सरकत सरकत अण्णा पार छपराखाली आले. मावशीच्या उंबऱ्याला त्यांची पाठ टेकली.

इतक्या दिवसांची हौस पुरी झाली. अण्णांनी वरून चौफेर पाहिलं.

अंधार होता. आईच्या पोटात वर काय आणि खाली काय, सगळीकडे सारखाच अंधार.

तरी अण्णा खालच्यांना म्हणाले की इथून फार छान दिसतं.

आता अण्णांचं काम काय होतं, ते सांगायचं राहिलं. अण्णांचं काम होतं पायांशी बोलायचं. पिल्लाच्या मागच्या डाव्या पायापर्यंत अण्णांची तार जायची होती. ऊठ म्हटलं की पाय उठला पाहिजे, थांब म्हटलं की थांबला पाहिजे. जन्माला यायच्या आधी याची तालीम असते. पोटातलं पिल्लू लाथा मारतं ना, ती तालीमच.

अण्णांनी छपराखालून तार सोडली. तार गर्दीत शिरली. शेंडेताईंच्या गळ्याला वेढा बसला. तिथून ती कुणाच्या तरी काखेत गेली आणि भलतीकडेच बाहेर पडली.

अण्णांनी निरोप पाठवला, डाव्या पाया, लाथ मार.

उजवा कान हलला.

अण्णांनी पुन्हा निरोप पाठवला, जरा दरडावून. या वेळी पिल्लानं शेपटी पोटाशी घेतली आणि ते गोल गोल फिरायला लागलं.

“काका, माझा गळा सोडा,” शेंडेताई खालून म्हणाल्या. “तुमचा पाय हलेल तेव्हा हलेल, मी आत्ता जाईन.”

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

आईच्या पोटात असलेल्याला आईचं बोलणं पुष्कळसं ऐकू येतं. मुंगसीण बिळाच्या तोंडाशी बसली होती. जांभळावर सातभाईंचा थवा उतरला होता. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे कलकलाट करणारे पक्षी, ज्यांना सगळ्यांच्या घरातलं माहीत असतं. मला ते फार आवडतात. त्यातल्या एकीनं मुंगसिणीला विचारलं की काय गं, तोंड का उतरलंय.

मुंगसीण म्हणाली की पिल्लू लाथ मारत नाही. आधी मारायचं. आता नुसतं गरगरतं. असली पिल्लं तिनं पाहिलेली होती. जन्मतात चांगली, पण उभी राहिली की लडखडतात आणि पडतात.

सातभाई म्हणाली, होईल सगळं नीट.

“शेजारच्या वारुळात नाग आहे, बाई,” मुंगसीण म्हणाली. “याचे डोळे उघडले की हे बीळ सोडायचंय मला. पलीकडच्या करवंदीच्या जाळीत जायचंय. याला चालता आलं नाही, तर किती दिवस तोंडात धरून फिरू मी? आणि मला काही झालं तर?”

सगळ्या सातभाई खालच्या फांदीवर उतरून तिच्याजवळ सरकल्या.

आत अण्णांनीही हे ऐकलं.

आपण तळमजल्यावर की गच्चीत, एवढ्यावरच अण्णांचं आजवरचं गणित चाललं होतं. हे घर कुणाच्या तरी डोक्यात आहे, आणि ते डोकं असलेल्याला एक दिवस नागाच्या समोरून चालत जायचंय, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आपल्याही कुठे असतं?

त्यांनी मान वळवली. मावशी मागेच बसली होती. विझलेल्या चुलीपाशी, हात मांडीवर ठेवून.

अण्णांनी घसा खाकरला. मग म्हणाले, “मावशी, एक विचारू? तू जाणार आहेस म्हणे.”

“हो.”

अण्णांना वाटलं होतं, ती नाही म्हणेल. खोटं ठरवायची तयारी त्यांनी केली होती. खरं निघाल्यावर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“कधी?”

“पिल्लू जगात आलं की थोड्या दिवसांनी. तोवर सगळे आपापल्या जागी लागलेले असतात. मग माझं काय काम?”

“आणि जाताना,” अण्णा थांबले. मग एकदाचं विचारलं, “जाताना काय नेणार?”

मावशीला प्रश्नच कळला नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. एक चूल, एक पळी. “काय नेऊ?” ती म्हणाली. “तुम्हाला काही हवंय का यातलं?”

अण्णांनी विषय बदलला. त्यांनी विचारलं की आम्ही एवढे जुने, तर आम्हाला खाली का ठेवलंस?

“अहो, तुम्हाला पायांशी बोलायचं ना,” मावशी म्हणाली. “पाय खालीच असतात.”

अण्णांनी पळी उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, “पेटव बाई.”

“सभेनं बंद केलंय.”

“सभेचं मी बघतो. तू पेटव.”

मावशीनं चूल पेटवली. फोडणी तडतडली. वास सुटला. खाली शेंडेताईंना तो आला आणि त्यांना तिथल्या तिथे जोराची शिंक आली. अण्णा बाजूला झाले, अंग चोरून का होईना, झाले. ताई त्यांना ओलांडून वर निघाल्या. जाताना म्हणाल्या, “थँक्यू काका,” आणि त्यांच्या खांद्यावर पाय दिला. अण्णांनी दात आवळले, पण खांदा हलवला नाही.

एकेक जण वर जाऊ लागला, तसे अण्णा खाली येऊ लागले. जुने लोकही कुरकुरत खाली आले. सगळेच आले असं नाही. काही जण वर मुळं धरून बसले होते ते तिथेच राहिले. काही नवे खालीच रुतले होते. घर एकदा लागलं की पुन्हा हलवणं कठीण. पण अजून पुष्कळ जण यायचे होते, त्यामुळे बरंचसं सावरलं.

सभेचं काय झालं म्हणता? सभा पुन्हा भरली. चुकलं असं कुणी म्हटलं नाही. चूल ग्रामस्थांच्या आग्रहास्तव पूर्ववत चालू करण्यात येत आहे, असं ठरलं. आडवाट्यांनी थांबण्याचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. आधीच्या भाषणापेक्षा ते जास्त रंगलं. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

अण्णांनी आपल्या जुन्या जागेवरून तार सोडली. ती सरळ खाली गेली.

बाहेर मुंगसीण उन्हात पडली होती. एकदम तिनं मान उचलली. बरगडीखाली लाथ बसली होती, चांगली दणदणीत. ती काही बोलली नाही. तिथे जीभ फिरवून तिनं तेवढीच जागा चाटली.

पुढे पिल्लू जन्माला आलं. डोळे मिटलेले, अंगावर विरळ केस. दिवस गेले, डोळे उघडले. मग एका सकाळी नाग वारुळातून निघून शिकारीला लांब गेला आणि मुंगसीण म्हणाली, चल.

बिळापासून करवंदीच्या जाळीपर्यंत मधे नुसतं उघडं माळरान. आई पुढे निघाली. तिनं मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर दोन पावलांनी ती वळत होती.

आत सगळे आपापल्या जागी तयार होते. शेंडेताईंनी पलीकडच्या वस्तीला कळवलं. आडवाटे आता आपल्या खऱ्या कामाला लागले होते आणि भाषणांचा सराव फार उपयोगी पडत होता. ते नुसते बोलायला उठले की सगळे गप्प बसत. अण्णांनी डाव्या पायाला सांगितलं, ऊठ.

पाय उठला. पडला, तो पुढे पडला.

पिल्लू चाललं. अगदी सरळ नाही. जरा डावीकडे कलतं. जे चुकीच्या जागी राहून गेले होते, त्यांचा तो हिस्सा. मधे एकदा कारण नसताना ते खाली बसलं आणि आई दोन पावलं मागे आली. मग पुन्हा उठलं. सातभाई वरून म्हणाल्या, बघा बघा, ठुमकत चाललंय. कलतं कलतं ते चाललं आणि आईच्या शेपटीमागे करवंदीच्या जाळीत शिरलं.

अण्णांना वाटलं, हे मावशीला सांगावं. त्यांनी वर निरोप पाठवला, पोचलं म्हणावं.

बऱ्याच वेळानं शेंडेताईंचं उत्तर आलं. मावशी नाही. चूल गार आहे. पळी जागेवर आहे. कधी गेली, कुणाला कळलं नाही. आपण सगळे पायांकडे बघत होतो ना.

अण्णांनी विचारलं, वरचा मजला?

“आहे की,” ताई म्हणाल्या. “मी त्यातच बसलेय.”

तेव्हा मुलांनो, बातमीतलं जाणं तेवढं खरं होतं. जाताना तिनं काय नेलं यावर गावात अजून बोलणं होतं. आडवाट्यांचं मत आहे की काहीतरी नक्की नेलं असणार, नीट शोधायला हवं. अण्णा शोधायला जात नाहीत. त्यांना खाली पायांशी पुष्कळ काम आहे.

तात्पर्य : शेजारच्या फोडणीच्या वासाची तक्रार अवश्य करावी, तो आपला हक्क आहे, फक्त आपलं घर सापडल्यावर करावी. जे आधी करतात त्यांचं पिल्लू कलतं चालतं, आणि मग त्याला ठुमकणं म्हणावं लागतं.